दंतहीन जबड्याची दंतरोपणपूर्व तपासणी

दंतहीन जबड्याची दंतरोपणपूर्व तपासणी म्हणजे सर्व दात गमावलेल्या व्यक्तीच्या जबड्यात कृत्रिम दंतमूळ बसवण्यापूर्वी तेथील हाडाची उंची, रुंदी, आकार व घनता यांची क्ष-किरण प्रतिमांच्या साहाय्याने केलेली पाहणी होय. या कृत्रिम दंतमुळाला व्यवहारात ‘इम्प्लांट’ म्हणतात. ते बहुधा टायटॅनियम धातूचे व स्क्रूच्या आकाराचे असते. हाडात बसवलेल्या इम्प्लांटच्या आधाराने पुढे कवळी किंवा कायमची दंतपंक्ती बसवली जाते. हाड किती उरले आहे, ते कोठे पुरेसे आहे आणि त्यातून जाणाऱ्या चेता व रक्तवाहिन्या नेमक्या कोणत्या जागी आहेत, हे शस्त्रक्रियेपूर्वी जाणून घेणे हा या तपासणीचा हेतू असतो.

एखादाच दात गेलेल्या रुग्णात शेजारच्या दातांची मुळे दंतवैद्याला दिशा दाखवतात. सर्व दात गेलेल्या जबड्यात अशी कोणतीही खूण शिल्लक नसते. शिवाय हिरडीचे आवरण बाहेरून भरीव दिसले तरी त्याखालचे हाड अरुंद असू शकते. त्यामुळे दंतहीन रुग्णांच्या बाबतीत या तपासणीला विशेष महत्त्व आहे.

दात गेल्यानंतर हाडात होणारे बदल

जबड्याच्या हाडाचे स्थूलमानाने दोन भाग मानता येतात. तळाचा भाग जबड्याला आकार देतो. त्यावरील उंचवट्यात दातांची मुळे रुतलेली असतात. या उंचवट्याला दंतधारक हाड म्हणता येईल. चावताना पडणारा ताण दातांच्या मुळांमार्फत या हाडाला मिळतो व त्यामुळे ते टिकून राहते. दात काढल्यावर हा ताण नाहीसा होतो आणि दंतधारक हाड झिजू लागते. ही झीज पहिल्या वर्षी सर्वाधिक असते. नंतर तिचा वेग मंदावतो, परंतु ती पूर्णपणे थांबत नाही.

अमेरिकन दंतवैद्य डग्लस ॲटवुड यांनी १९७१ मध्ये या झिजेचे वर्णन तोंडाचा एक प्रमुख विकार असे केले. आंत्ये तालग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्या व्यक्तींचा २५ वर्षांच्या कालावधीत केलेला अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. खालच्या जबड्याच्या पुढील भागाची उंची वरच्या जबड्याच्या तुलनेत सुमारे चौपट घटते, असे त्यात आढळले. अनेक वर्षे कवळी वापरणाऱ्या वृद्धांची खालची कवळी वरचीपेक्षा अधिक सैल होते, यामागे हे एक कारण आहे.

झिजेची दिशाही दोन्ही जबड्यांत सारखी नसते. वरच्या जबड्याचे हाड बाहेरच्या, म्हणजे ओठ व गाल यांच्या बाजूने अधिक झिजते आणि जबडा आत सरकल्यासारखा होतो. खालच्या जबड्याचा मागील भाग झीज होताना अधिक रुंद भासू लागतो. परिणामी वरची व खालची कड एकमेकींसमोर राहत नाहीत. म्हणून केवळ हाड असेल तेथे इम्प्लांट बसवल्यास त्यावरील दात योग्य जागी येतीलच असे नाही.

इतिहास

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मन दंतवैद्य ओटो वालखॉफ यांनी दातांचे क्ष-किरण चित्र घेतले. त्यासाठी सुमारे २५ मिनिटे किरण सोडावे लागले होते. संपूर्ण जबडा एकाच चित्रात दाखवणारी पद्धत फिनलंडमधील युर्यो पातेरो यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून विकसित केली.

आधुनिक दंतरोपणाचा पाया स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या कार्यातून घातला गेला. सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करताना, १९५२ च्या सुमारास, टायटॅनियमचे उपकरण हाडाशी एकजीव झाल्याचे त्यांच्या लक्षात आले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा एका दंतहीन रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. १९८२ मध्ये टोरांटो येथे झालेल्या परिषदेनंतर ही पद्धत उत्तर अमेरिकेत मान्यता पावली.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने १९७१ मध्ये प्रथमच रुग्णाची तपासणी झाली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जबड्याचे आडवे छेद दाखवणाऱ्या संगणक प्रणाली उपलब्ध झाल्या व हाडाची रुंदी शस्त्रक्रियेपूर्वी मोजता येऊ लागली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इटलीतील मोत्सो व त्यांचे सहकारी, तसेच जपानमधील आराई व त्यांचे सहकारी यांनी स्वतंत्रपणे दंतवैद्यकासाठी कोन बीम सीटी हे तुलनेने लहान यंत्र प्रचारात आणले. संक्षेपाने त्याला सीबीसीटी म्हणतात.

प्रतिमा घेण्यापूर्वीची पाहणी

प्रतिमा घेण्यापूर्वी रुग्णाचा पूर्वेतिहास व तोंडाची प्रत्यक्ष तपासणी आवश्यक असते. अनियंत्रित मधुमेह, धूम्रपान, जबड्यावर पूर्वी झालेला किरणोपचार आणि अस्थिविरलता किंवा कर्करोगासाठी घेतलेली बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधे यांची नोंद केली जाते. या औषधांमुळे क्वचित जबड्याच्या हाडाचा काही भाग मृत होण्याचा संभव असतो. हाडाचे चित्र उत्तम असूनही अशा कारणांमुळे शस्त्रक्रिया टाळावी किंवा पुढे ढकलावी लागते.

हाताच्या बोटांनी कड चाचपून तिची रुंदी, धार व खाचा यांचा प्राथमिक अंदाज घेतला जातो. तोंड किती उघडते हेही पाहिले जाते. कारण जबड्याच्या मागील भागात हाड पुरेसे असले, तरी शस्त्रक्रियेची हत्यारे तेथवर पोहोचली नाहीत तर त्याचा उपयोग होत नाही.

त्यानंतर दात कोठे हवेत हे ठरवले जाते. रुग्णाची जुनी कवळी चांगली बसत असेल तर तिची प्रतिकृती तयार करतात, अन्यथा नव्या कवळीचा मेणातील नमुना बनवतात. प्रतिकृतीतील दातांमध्ये बेरियम सल्फेट मिसळले, किंवा कवळीवर गटापर्चाचे ठिपके बसवले, तर ते क्ष-किरण चित्रात पांढरे उमटतात. अशी कवळी तोंडात ठेवून घेतलेल्या प्रतिमेत नियोजित दात व त्याखालचे हाड एकत्र दिसतात. कवळी हिरडीवर नीट टेकलेली नसल्यास मात्र तिच्या आधारे केलेले सर्व मोजमाप चुकते.

प्रतिमांकनाच्या पद्धती

तोंडातील लहान चित्र

दातांच्या नेहमीच्या तपासणीत तोंडात लहान फिल्म किंवा संवेदक ठेवून चित्र घेतात. त्यातील बारकावे स्पष्ट असतात, पण दिसणारा भाग अगदी थोडा असतो. दंतहीन रुग्णात तोंडाचा तळ उथळ व टाळू सपाट झालेला असल्यामुळे फिल्म योग्य कोनात बसत नाही. त्यामुळे या चित्राचा उपयोग हाडात राहिलेल्या मुळाच्या तुकड्यासारखी एखादी मर्यादित गोष्ट पाहण्यापुरताच होतो.

ओपीजी

ऑर्थोपॅन्टोमोग्राम, म्हणजेच व्यवहारातील ओपीजी, हे दोन्ही जबड्यांचे एकाच पट्टीत उलगडलेले चित्र असते. क्ष-किरणांचा स्रोत व संवेदक रुग्णाच्या डोक्याभोवती फिरतात. दात असलेला रुग्ण यंत्रातील ठोकळा चावून डोके स्थिर ठेवतो. दंतहीन रुग्णाला ते शक्य नसल्यामुळे हनुवटी टेकवण्याचा आधार वापरतात. डोके किंचित पुढे-मागे झाले तरी चित्रातील जबड्याच्या आकारात फरक पडतो.

हाडात राहिलेली मुळे, न उगवलेले दात, गाठी व पुटी यांचा शोध घेण्यासाठी, तसेच हाडाच्या उंचीचा पहिला अंदाज येण्यासाठी ओपीजी उपयुक्त आहे. त्याच्या दोन मोठ्या मर्यादा आहेत. पहिली म्हणजे चित्र मूळ आकारापेक्षा मोठे उमटते व ही वाढ चित्राच्या सर्व भागांत सारखी नसते. दुसरी म्हणजे त्यात हाडाची रुंदी दिसत नाही. पुस्तक समोरून पाहिले तर त्याची उंची कळते, जाडी कळत नाही. तसाच हा प्रकार आहे. सुरीच्या पात्यासारखी अरुंद झालेली कड ओपीजीमध्ये भरपूर उंच व निर्दोष दिसू शकते.

बाजूचे कवटीचित्र

डोक्याच्या बाजूने घेतलेल्या चित्रात हनुवटीच्या मध्यरेषेवरील हाडाचा आकार, तसेच वरच्या व खालच्या जबड्याचा परस्परसंबंध कळतो. मध्यरेषेपासून दूर गेल्यावर मात्र दोन्ही बाजूंच्या सावल्या एकमेकींवर पडतात व मोजमाप करता येत नाही.

सीटी व सीबीसीटी

रुग्णालयातील सीटी यंत्र आणि सीबीसीटी या दोहोंमुळे जबड्याची त्रिमिती प्रतिमा मिळते. सीबीसीटीमध्ये शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती एकदा फिरतो आणि मिळालेल्या शेकडो चित्रांपासून संगणक प्रतिमा रचतो. फेरीला साधारण १० ते ४० सेकंद लागतात. प्रतिमेचा सर्वांत लहान घटक बहुधा ०.१ ते ०.४ मि.मी. असतो. पावाची लादी कापावी तसे जबड्याचे कडेला काटकोनात पातळ छेद पडद्यावर पाहता येतात. प्रत्येक छेदात हाडाची उंची, रुंदी, कल आणि आतील चेतानलिकेचे स्थान मोजता येते.

खालच्या जबड्यातील महत्त्वाच्या रचना

खालच्या जबड्याच्या हाडातून एक चेतानलिका जाते. तिच्यातील चेता दाढांच्या भागातून पुढे येते व तिची शाखा हनुवटीजवळच्या रंध्रातून बाहेर पडून खालच्या ओठाला व हनुवटीला संवेदना पुरवते. ड्रिल किंवा इम्प्लांट या नलिकेत शिरल्यास ओठ बधिर होतो. रुग्णाला खाताना ओठ चावला जाणे, लाळ गळल्याचे न कळणे किंवा सतत झिणझिण्या येणे असे त्रास होतात व काही वेळा ते कायमचे राहतात. म्हणून इम्प्लांटचे टोक व नलिका यांमध्ये किमान २ मि.मी. अंतर राखण्याचा प्रघात आहे.

हाड फार झिजलेल्या रुग्णात हनुवटीजवळचे रंध्र कडेच्या माथ्यावर येते. अशा रुग्णाला कवळीचा दाब पडला तरी वेदना होतात. शस्त्रक्रियेसाठी हिरडीवर छेद घेतानाच चेतेला इजा होण्याचा धोका असतो. काही व्यक्तींत ही चेता रंध्राच्या पुढे जाऊन वळसा घेऊन मागे येते. त्यामुळे रंध्राच्या अगदी लगत पुढे इम्प्लांट बसवणेही धोक्याचे ठरू शकते.

दोन्ही बाजूंच्या रंध्रांमधला हनुवटीचा भाग दंतहीन रुग्णांसाठी सर्वांत सोयीचा मानला जातो, कारण तेथे हाड बहुधा घट्ट असते व मोठी चेता नसते. मात्र या भागात जिभेच्या बाजूने रक्तवाहिन्या हाडात शिरतात. हाडाची आतली बाजू खोलगट असेल व ड्रिल ती भेदून बाहेर पडले, तर जिभेखाली रक्तस्राव होतो. तोंडाचा तळ सुजून जीभ वर व मागे ढकलली जाते आणि श्वासमार्ग बंद होऊन प्राणावर बेतू शकते. असे प्रसंग विरळ असले तरी वैद्यकीय साहित्यात नोंदले गेले आहेत. जिभेच्या बाजूचा हा खोलगटपणा ओपीजीमध्ये दिसत नाही. तो केवळ आडव्या छेदात दिसतो.

वरच्या जबड्यातील महत्त्वाच्या रचना

वरच्या जबड्याच्या मागील भागात दोन्ही बाजूंना मॅक्झिलरी सायनस नावाची वायुपोकळी असते. दाढा गेल्यानंतर एकीकडे कड वर झिजत जाते आणि दुसरीकडे ही पोकळी खाली पसरते. त्यामुळे दोहोंमध्ये काही वेळा अवघे १ ते २ मि.मी. हाड उरते. पोकळीचे अस्तर जाड झाले आहे का, तिच्यात पडदे आहेत का आणि तिचे निचऱ्याचे द्वार मोकळे आहे का, हेही प्रतिमेत पाहिले जाते. पुढील भागात नाकाचा तळ व मध्यरेषेवरील टाळूची नलिका या दोन मर्यादा असतात. हाड झिजल्यावर ही नलिका तुलनेने अधिक जागा व्यापते. त्यामुळे पुढच्या दोन दातांच्या जागी इम्प्लांट बसवणे अवघड होऊ शकते.

हाडाचे वर्गीकरण

निरीक्षणे एका भाषेत नोंदवता यावीत म्हणून काही वर्गीकरणे वापरली जातात. लेखोल्म व झार्ब यांनी १९८५ मध्ये हाडाच्या आकाराचे पाच व प्रतीचे चार प्रकार सांगितले. प्रतीच्या पहिल्या प्रकारात हाड जवळजवळ सर्वस्वी घट्ट असते. दुसऱ्यात घट्ट हाडाचे जाड कवच व आत दाट जाळीदार हाड असते. तिसऱ्यात कवच पातळ पण जाळी दाट असते. चौथ्यात कवच पातळ व जाळीही विरळ असते. खालच्या जबड्याच्या पुढील भागात पहिले दोन प्रकार, तर वरच्या जबड्याच्या मागील भागात चौथा प्रकार अधिक आढळतो. विरळ हाडात इम्प्लांटला सुरुवातीची पकड कमी मिळते. अतिशय घट्ट हाडात ड्रिल करताना उष्णता निर्माण होऊन हाडाला इजा होण्याचा संभव असतो.

कॉवुड व हॉवेल यांनी १९८८ मध्ये झिजेच्या सहा अवस्था मांडल्या. पहिलीत दात शाबूत असतात व दुसरीत ते नुकतेच काढलेले असतात. तिसरीत कड गोलसर व पुरेशी असते. चौथीत कडेची उंची पुरेशी पण रुंदी अपुरी, म्हणजे सुरीच्या धारेसारखी असते. पाचवीत कड सपाट होते, तर सहावीत तळाचे हाडही काही प्रमाणात झिजून खळगा पडतो. केवळ ओपीजी पाहून तिसरी व चौथी अवस्था वेगळी ओळखणे कठीण असते.

मोजमापाची रीत

सुमारे ४ मि.मी. व्यासाच्या इम्प्लांटभोवती दोन्ही बाजूंना किमान १ मि.मी. हाड राहावे असे धरल्यास कड किमान ६ मि.मी. रुंद असावी लागते. दोन इम्प्लांटमध्ये साधारणपणे किमान ३ मि.मी. हाड ठेवतात.

ओपीजीवरील उंची मोजताना चित्रातील वाढ वजा करण्यासाठी ज्ञात मापाची पोलादी गोळी कवळीत बसवतात. समजा, ५ मि.मी. व्यासाची गोळी चित्रात ६.२५ मि.मी. भरली, तर त्या जागी चित्र १.२५ पट वाढले आहे. तेथे कडेपासून चेतानलिकेपर्यंतची उंची चित्रात १५ मि.मी. आढळल्यास खरी उंची १५ भागिले १.२५, म्हणजे १२ मि.मी. होय. त्यातून सुरक्षिततेचे २ मि.मी. वजा केल्यावर जास्तीत जास्त १० मि.मी. लांबीचे इम्प्लांट तेथे बसू शकते. चित्रातील १५ मि.मी. खरे मानून १३ मि.मी. लांबीचे इम्प्लांट निवडले असते, तर ते नलिकेत १ मि.मी. शिरले असते.

मोजताना कडेचा सर्वांत वरचा बिंदू धरणेही फसवे ठरते. सुरीसारख्या कडेचा माथा सपाट करूनच पुरेशी रुंदी मिळते; तेवढी उंची हिशेबातून वजा करावी लागते. हाडाबरोबरच कडेपासून समोरच्या दातांपर्यंतची मोकळी जागाही मोजली जाते. कवळी, तिचे दात व इम्प्लांटवरील जोडणी या सर्वांना जागा लागते. हाड फारसे झिजलेले नसेल तर ही जागा कमी पडू शकते.

तपासणीवरून ठरणारे उपचार

खालच्या जबड्यात हनुवटीच्या भागात पुरेसे हाड असल्यास दोन इम्प्लांटवर काढघाल करता येणारी कवळी बसवता येते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने दंतहीन खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा, असे मत नोंदवले. मागील भागात हाड कमी असेल तर मागची इम्प्लांट तिरपी बसवून चार इम्प्लांटवर संपूर्ण दंतपंक्ती उभी करण्याची रीत पोर्तुगालमधील पाउलो मालो यांनी प्रचारात आणली.

वरच्या जबड्यात उंची अपुरी असल्यास वायुपोकळीचे अस्तर उचलून त्याखाली हाडाचे कलम भरतात. हाड अत्यल्प असल्यास गालाच्या हाडात रुतणारी लांब इम्प्लांट वापरली जातात. खालचा जबडा फारच बारीक झाला असेल तर इम्प्लांट बसवल्याने तो मोडण्याचा धोका असतो. अशा वेळी साधी, पण नीट बसणारी कवळी हाच योग्य उपचार ठरू शकतो. इम्प्लांट बसवू नये असा निष्कर्ष निघणे हेही या तपासणीचे उपयुक्त फलित असते.

किरणोत्सर्ग व सुरक्षितता

क्ष-किरणांची मात्रा मायक्रोसिव्हर्ट या एककात सांगतात. युरोपीय संघाच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत ओपीजीची परिणामी मात्रा सुमारे ३ ते २४ मायक्रोसिव्हर्ट दिली आहे. यंत्र व चित्रित भाग यांनुसार सीबीसीटीची मात्रा सुमारे १० पासून १,००० हून थोडी अधिक, तर जबड्याच्या नेहमीच्या सीटीची सुमारे २८० ते १,४०० असते. तुलनेसाठी, निसर्गातून माणसाला जागतिक सरासरीने वर्षाला सुमारे २,४०० मायक्रोसिव्हर्ट मात्रा मिळते.

हवी ती माहिती मिळेल इतकीच, म्हणजे शक्य तितकी कमी मात्रा वापरावी, हे या क्षेत्रातील मूलतत्त्व आहे. त्यानुसार प्रथम प्रत्यक्ष तपासणी व ओपीजी आणि त्यानंतर इम्प्लांटचा विचार पक्का झाल्यावरच आवश्यक त्या भागापुरती सीबीसीटी, असा क्रम सुचवला जातो. अमेरिकेतील तोंड व जबडा प्रतिमाशास्त्राच्या अकादमीने २०१२ मध्ये असाच क्रम मांडला. इम्प्लांटच्या जागेची पाहणी आडव्या छेदांतून करावी व त्यासाठी सीबीसीटी वापरावी, असेही तिने सुचवले. भारतात क्ष-किरण यंत्रांच्या सुरक्षित वापरावर मुंबई येथे मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते.

मर्यादा

सीबीसीटीतील करड्या छटांवरून हाडाची नेमकी घनता सांगता येत नाही. नेहमीच्या सीटीत हाउन्सफील्ड एककांत मिळणारे आकडे प्रमाणित असतात. सीबीसीटीतील आकडे यंत्रानुसार व चित्रित भागानुसार बदलतात. फेरी चालू असताना रुग्ण हलला तर कडा दुहेरी दिसतात. कंप असणाऱ्या किंवा मान स्थिर ठेवू न शकणाऱ्या वृद्धांत हा दोष अधिक संभवतो. चेतानलिकेच्या भिंती काही रुग्णांत इतक्या पातळ असतात की त्रिमिती प्रतिमेतही तिचा मार्ग अस्पष्ट राहतो. धातूभोवती पट्टे उमटत असल्यामुळे इम्प्लांट बसवल्यानंतर त्यालगतचे हाड सीबीसीटीत नीट दिसत नाही. त्या टप्प्यावर तोंडातील लहान चित्र अधिक उपयुक्त असते.

प्रतिमेवरून संगणकात आखलेली योजना मार्गदर्शक साच्याच्या साहाय्याने तोंडात उतरवता येते. परंतु दंतहीन रुग्णात हा साचा लवचीक हिरडीवर टेकत असल्यामुळे तो सरकण्याची शक्यता राहते आणि आखलेली जागा व प्रत्यक्ष जागा यांत थोडा फरक पडतो. चेतानलिकेपासून २ मि.मी. अंतर राखण्याच्या प्रघातात मोजमापातील व हातातील अशा चुकांसाठी ठेवलेली तरतूद अंतर्भूत आहे. म्हणून प्रतिमा अधिक स्पष्ट मिळाली, तरी हे अंतर कमी करण्याची शिफारस केली जात नाही.